साठवण्याचा अधिकार : भांगेचे तेल आणि मोहाची टोपली

(चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

आजचा विषय तुमच्यापैकी काही तरुण कार्यकर्त्यांनी विचारलेल्या एका प्रश्नातून निघाला आहे. गेल्या काही वर्षांत शहरांतील दुकानांतून आणि जाहिरातींतून ‘हेम्प ऑइल’ या नावाच्या लहान लहान बाटल्या दिसू लागल्या आहेत. हेम्प म्हणजे दुसरेतिसरे काही नसून आपली भांग. या तेलाने झोप लागते, सांधे मोकळे होतात, चित्त शांत राहते, असे सांगण्यात येते. आणि काही मिलिलिटरांच्या बाटलीला शेकडो, प्रसंगी हजारो रुपये मोजले जातात. तेव्हा प्रश्न असा की, हे तेल विकणे कायदेशीर आहे काय? आणि ते कायदेशीर असेल, तर ज्या झाडापासून ते निघते त्याच झाडापायी खेड्यातला माणूस तुरुंगात का जातो?

प्रश्न रास्त आहे आणि त्याचे सरळ उत्तर देणे शक्य आहे. ते मी प्रथम देतो. परंतु तेवढ्यावर थांबणे योग्य होणार नाही. कारण नशा आणणाऱ्या वनस्पतीचा व्यापार कोणी करावा आणि कोणी करू नये, हा प्रश्न आपल्या या दोन जिल्ह्यांत भांगेच्या निमित्ताने फारसा उभा राहत नाही. तो उभा राहतो मोहाच्या निमित्ताने. भांगेच्या बाबतीत कायद्याने जो विवेक दाखविला, तो मोहाच्या बाबतीत दाखवायला त्याला किती काळ लागला, आणि त्या काळात कोणाचे किती नुकसान झाले, हे समजून घेणे हा आजच्या मांडणीचा खरा हेतू आहे.

एक झाड, तीन तेले

गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ यांविषयीचा १९८५ चा केंद्रीय कायदा, ज्याला सर्वजण ‘एनडीपीएस’ म्हणतात, त्याची व्याख्या नीट वाचली पाहिजे. तीत चरस म्हणजे झाडाची राळ. गांजा म्हणजे फुलोरा किंवा फळे धरलेले शेंडे. आणि या दोहोंपासून केलेले कोणतेही मिश्रण किंवा पेय, एवढ्या तीन गोष्टी येतात. शेंड्यांसोबत नसलेले बी आणि पाने यांना याच व्याख्येने गांजातून वगळले आहे. म्हणजे कायद्याने संपूर्ण झाडाला गुन्हेगार ठरविले नाही. त्याने झाडाचे भाग पाडले आणि प्रत्येक भागाला निराळा न्याय लावला.

या विभागणीतून तीन प्रकारची तेले निर्माण होतात. पहिले बियांचे तेल. बीमध्ये नशेचे द्रव्य जवळजवळ नसते. नोव्हेंबर २०२१ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने भांगेचे बी, बियांचे पीठ आणि बियांचे तेल यांना अन्न म्हणून मान्यता दिली आणि मर्यादाही ठरविल्या. नशा आणणारे जे टीएचसी नावाचे द्रव्य, ते बियांत किलोमागे ५ मिलिग्रॅमपेक्षा आणि तेलात १० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये. हे तेल करडई-जवसाच्या तेलासारखेच खाद्य तेल होय आणि अन्न परवान्याखाली ते विकता येते.

दुसरे पानांच्या अर्काचे तेल. पान एनडीपीएसच्या बाहेर असले तरी राज्याच्या कायद्याच्या बाहेर नाही. महाराष्ट्रात मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ (ज्याचे नाव आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम झाले आहे) भांगेच्या पानांनाही अंमली द्रव्यच मानतो आणि त्यांचा साठा व विक्री यांना परवाना लागतो. आयुर्वेदात या पानाला विजया म्हणतात. औषध नियमांच्या विषारी द्रव्यांच्या यादीत, म्हणजे अनुसूची ‘ई-१’ मध्ये, तिचा समावेश आहे. म्हणून विजयेचे औषध आयुर्वेदिक उत्पादनाच्या परवान्याने तयार करता येते, मात्र वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे असा इशारा बाटलीवर छापावा लागतो.

तिसरे शेंड्यांपासून काढलेले तेल. ते एनडीपीएसच्या कक्षेत येते; त्याला ‘वेलनेस’ म्हणा अथवा आणखी काही म्हणा, नाव बदलल्याने गुन्हा बदलत नाही.

बाटलीवर ‘हेम्प’ हा एकच शब्द छापलेला असतो आणि आत या तिन्हींपैकी काय आहे हे ग्राहकाला उमगत नाही. व्यापाराचा पुष्कळसा नफा या संदिग्धतेतूनच येतो. त्यात भर म्हणजे मधुमेह, कर्करोग, अपस्मार बरा होतो अशी जाहिरात करणे हा १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याने स्वतंत्र गुन्हा आहे. भांगेतील सीबीडी या द्रव्यापासून केलेल्या एका औषधाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ साली अपस्माराच्या दुर्मीळ प्रकारांसाठी मान्यता दिली, हे खरे आहे. पण त्या आधारे बाजारातील प्रत्येक बाटली औषधी ठरविणे म्हणजे एका विहिरीला पाणी लागले म्हणून सगळे गाव बागायत झाले असे सांगण्यासारखे आहे.

लागवडीविषयी एक गोष्ट स्पष्टपणे सांगून ठेवतो, कारण ‘हेम्पची शेती करा’ असे सांगणारे दलाल उद्या आपल्या गावांतही येतील. धागा किंवा बी यांसाठी लागवडीला परवानगी देण्याचा अधिकार १९८५ च्या कायद्यात सरकारला आहे. उत्तराखंडाने २०१८ पासून असे परवाने देण्यास सुरुवात केली. परंतु परवाना हातात नसताना लावलेले झाड हा गुन्हा आहे आणि त्याला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. गांजाचे वजन वीस किलोंपेक्षा अधिक झाले की शिक्षा दहा वर्षांच्या खाली येतच नाही आणि जामीन मिळणे अत्यंत दुरापास्त होते. दलाल मोकळा राहतो, शेत ज्याच्या नावावर आहे तो आत जातो. हा इशारा प्रत्येक कार्यकर्त्याने आपापल्या गावात पोचवला पाहिजे.

महसुलाची नीती

आता या कायद्यामागचा इतिहास थोडक्यात पाहू. १८९३-९४ साली ब्रिटिश सरकारने भांग-गांजा चौकशी आयोग नेमला. आपला चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता आणि त्याच प्रांतात खांडव्याजवळ सरकारी देखरेखीखाली गांजाचे पीक घेतले जात होते. आयोगाने असा निर्वाळा दिला की, मर्यादित सेवनाने फारसा अपाय होत नाही, सरसकट बंदी अनावश्यक आहे, नियंत्रण आणि कर पुरेसे आहेत. हा निर्वाळा पुष्कळ अंशी समंजस होता. परंतु त्यातून जी व्यवस्था दृढ झाली ती महसुलाची होती. कोणते झाड वाईट, याहून कोणत्या झाडावर कर बसविता येतो, हा प्रश्न सरकारला महत्त्वाचा वाटत होता.

याच सुमारास मोहाचे काय झाले ते पाहा. १८९२ साली मुंबई सरकारने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहफुलांचा स्वतंत्र कायदा केला आणि लोकांनी मोहफुले आणणे व बाळगणे यांवर निर्बंध घातले. कारण दाखविण्यात आले ते बेकायदा दारूचे. मात्र त्याच कुलाबा जिल्ह्यात, उरणला, मोठमोठ्या भट्ट्यांमध्ये मोहाचीच दारू गाळली जात होती आणि सरकार तिच्यावर अबकारी घेत होते. अर्थात मोहाच्या फुलाला दोष नव्हता. दोष होता तो सरकारला कर न देणाऱ्या मडक्याचा. फूल उरणच्या भट्टीत गेले की तो महसूल, आणि डोंगरातल्या झोपडीत राहिले की तो गुन्हा.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४९ साली दारूबंदीचा कायदा केला, तो पूर्णतः निराळ्या, नैतिक प्रेरणेने. पण मोहफुलांवरील निर्बंधांचा तो जुना वारसा या कायद्यातही शिरला. मोहफुले गोळा करणे, बाळगणे, नेणे, विकणे यांवर नियंत्रणाची तरतूद त्यात झाली. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात आला आणि पुढे हाच कायदा आपल्यालाही लागू झाला. अशा रीतीने ठाण्याच्या किनाऱ्यावरील भट्टीवाल्यांच्या सोयीसाठी जन्मलेला विचार एटापल्ली आणि भामरागडच्या जंगलापर्यंत येऊन पोचला.

मोह म्हणजे काय

या सभागृहात मोहाची ओळख करून देण्याची गरज नाही. पण जे पुण्या-मुंबईचे वाचक हे भाषण पुढे वाचतील, त्यांच्यासाठी सांगतो. फाल्गुन-चैत्रात, पाने झडलेल्या मोहाखाली पहाटेपासून फुलांचा सडा पडतो. ती वेचून उन्हात वाळवली की वजन घटते, रंग तपकिरी होतो आणि गोडवा टिकतो. वाळल्या फुलात निम्म्याहून अधिक भाग साखरेचा असतो. ते भाजून खातात, भाकरीत घालतात, गुरांना देतात, आणि त्याची दारूही करतात. दुष्काळात मध्य प्रांतातील जंगलपट्टीने मोहावर दिवस काढले. पुढे ज्येष्ठ-आषाढात फळातले बी निघते. त्याला आपल्याकडे टोळ किंवा टोरी म्हणतात. त्याचे तेल थंडीत तुपासारखे घट्ट होते. ते खाण्यात, दिव्यात, अंगाला लावण्यात आणि साबणाच्या कारखान्यात वापरतात. राहिलेली ढेप शेतात टाकतात.

म्हणजे भांगेप्रमाणे मोहाचेही भाग पाडता येतात. बी वेगळे, फूल वेगळे, दारू वेगळी. टोळीच्या तेलाचा नशेशी काडीचाही संबंध नाही; खाद्य तेलांच्या सरकारी मानकांत मोहाच्या तेलाला फार पूर्वीपासून स्थान आहे. फूल हे मुळात अन्न आहे. दारू हा त्याच्या अनेक उपयोगांपैकी एक. भांगेच्या बाबतीत ‘शेंडा दोषी, बी निर्दोष’ असा सूक्ष्म विचार करणाऱ्या कायद्याने मोहाच्या बाबतीत मात्र दारूच्या संशयाने फुलालाच धरून ठेवले. जो आपला वकील देऊ शकतो त्याच्या झाडाचे भाग पडतात. जो देऊ शकत नाही त्याचे अख्खे झाड आरोपी होते.

साठवणुकीवरील बंदी म्हणजे भावावरील बंदी

येथे मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने थोडे थांबतो, कारण माझ्या मते सगळ्या प्रश्नाचे मर्म येथे आहे. शेतमालाचा भाव हंगामात पडतो आणि हंगामानंतर चढतो, हे तुम्ही सर्व जाणता. चढलेला भाव कोणाच्या पदरात पडतो? ज्याच्याजवळ माल ठेवायला जागा, दम धरायला पैसा आणि माल बाळगण्याचा निर्वेध अधिकार आहे, त्याच्या. यांपैकी जागा आणि पैसा यांची उणीव गरिबाला नेहमीच असते. मोहाच्या बाबतीत तिसरी गोष्टही त्याच्याकडून काढून घेण्यात आली.

एक हिशेब मांडतो. आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत, बाजारभाव म्हणून नव्हेत. समजा, एका कुटुंबाने दोन क्विंटल सुकी फुले गोळा केली. चैत्रात व्यापारी किलोला २० रुपये देतो आणि श्रावणात त्याच फुलाचा भाव ४० रुपये होतो. माल घरात ठेवता आला असता तर त्या कुटुंबाला आठ हजार मिळाले असते. ठेवता आला नाही म्हणून चार हजार मिळाले. उरलेले चार हजार कुठे गेले? ते झाडाखाली पहाटे वाकलेल्या बाईच्या श्रमातून निर्माण झाले आणि परवाना बाळगणाऱ्याच्या गोदामात जमा झाले. त्याहून कडवट गोष्ट अशी की, पावसाळ्यात घरातले धान्य संपले म्हणजे पुष्कळदा हेच कुटुंब हीच फुले चढ्या भावाने विकत घेते.

आपण सावकारी, खोती, मक्तेदारी हे शब्द नेहमी वापरतो. परंतु शोषणाचे हे यंत्र अधिक चलाख आहे. यात व्यापाऱ्याला भाव पाडण्यासाठी कारस्थान करावे लागत नाही. ‘इतका माल घरात ठेवलास तर पकडतील’ ही धास्तीच ते काम करते. माल बाळगणे ज्याला धोक्याचे, तो तो लवकर विकणार; आणि सगळेच लवकर विकणार असतील तर भाव पडणारच. म्हणून मी म्हणतो की, साठवणुकीवरील बंदी म्हणजे भावावरील बंदी. शिवाय तपासणी करणाऱ्याला द्यावी लागणारी चिरीमिरी हाही या भावातून वजा होणारा एक कर आहे. फरक इतकाच की तो अर्थसंकल्पात दिसत नाही.

आणि या फुलामागचा धोका कोणत्या भावात मोजला जातो? पहाटेच्या अंधुक उजेडात वाकून वेचणारा माणूस वाघाला सावजासारखा दिसतो. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, ताडोबाच्या परिसरात वनोपज वेचणाऱ्यांवर हल्ले होतात. मे २०२५ मध्ये सिंदेवाही भागात तेंदूपाने गोळा करायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. शहरात बाटलीच्या किमतीत वेष्टन, जाहिरात, परवाना, नफा सारे काही धरले जाते. जंगलातल्या टोपलीच्या किमतीत जिवाची जोखीमसुद्धा धरली जात नाही.

कायद्यात आता काय आहे

परिस्थिती जशीच्या तशी राहिलेली नाही, हे मान्य केले पाहिजे. जे मिळाले ते न ओळखणे हाही एक प्रकारचा आळस होय. २०२१ साली राज्य शासनाने मोहफुले गोळा करणे, साठविणे आणि त्यांची वाहतूक करणे यांवरील जुने निर्बंध उठविण्याचा निर्णय घेतला. दारू गाळणे अर्थातच गुन्हाच राहिले. उशिरा का होईना, फूल आणि दारू यांची फारकत शासनाने मान्य केली.

परंतु माझे म्हणणे असे की, हा निर्णय म्हणजे शासनाची कृपा नव्हे. तो अधिकार अगोदरच मिळालेला होता. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३ ने गौण वनोपजावर वननिवासींची मालकी मान्य केली. ते गोळा करण्याची, वापरण्याची आणि विकण्याची मुभा दिली. २०१२ च्या सुधारित नियमांनी ‘विकणे’ या शब्दाचा अर्थही फोड करून सांगितला : एकट्याने किंवा मिळून प्रक्रिया करणे, साठवणे, मूल्य वाढविणे आणि जंगलाच्या आत व बाहेर वाहतूक करणे, हे सारे त्यात आले. वाहतुकीचा परवाना देण्याचे काम ग्रामसभेच्या समितीकडे आले. म्हणजे २०१२ पासून वनहक्काचा कायदा ‘साठवा’ म्हणत होता आणि दारूबंदीचे नियम ‘बाळगू नका’ म्हणत होते. नऊ वर्षे एकाच शासनाचे दोन हात परस्परविरुद्ध दिशांना ओढत होते आणि मधली दोरी आदिवासींच्या गळ्यात होती.

आपल्या जिल्ह्यांना याहून मोठा आधार आहे तो १९९६ च्या पेसा कायद्याचा. गडचिरोलीचा मोठा भाग आणि चंद्रपूरमधील राजुरा-जिवतीकडील गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. पेसाच्या कलम ४ मध्ये ग्रामसभा व पंचायतींना द्यावयाच्या अधिकारांची यादी आहे. तिच्यातील पहिला अधिकार मादक पदार्थांची विक्री व सेवन यांवर बंदी घालण्याचा किंवा नियमन करण्याचा. आणि त्याच्या लगेच खालचा दुसरा अधिकार गौण वनोपजाच्या मालकीचा. हे दोन अधिकार एकाखाली एक लिहिलेले आहेत, याकडे मी तुमचे विशेष लक्ष वेधतो. दारू बंद करण्याचा अधिकार आणि मोहाची मालकी एकाच हातात असावी, असा त्याचा अर्थ आहे. आणि तो हात अबकारी निरीक्षकाचा नव्हे, ठेकेदाराचाही नव्हे, गावाचा आहे.

हे केवळ कागदावर शक्य आहे असे कोणी म्हणेल, तर त्याने धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा पाहावे. सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर २००९ साली या गावाचा सामूहिक वनहक्क मान्य झाला. तरीही बांबू विकायला वनखाते परवाना देईना. त्यासाठी गावाने धीराने भांडण केले आणि एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. बांबूच्या बाबतीत जे झाले ते मोहाच्या बाबतीत का होऊ नये? बांबूचा परवाना जर ग्रामसभा फाडू शकते, तर मोहाच्या पोत्याचाही फाडू शकते.

दारूबंदीशी वैर नको

आता एका नाजूक मुद्द्याकडे येतो. आपल्यापैकी काहींना वाटेल की, मोहाची मोकळीक म्हणजे दारूची मोकळीक. गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी आली ती वरून लादलेली नव्हती. गावोगावच्या स्त्रियांनी, डॉ. अभय बंग यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी आणि अनेक संघटनांनी ती मागून घेतली. चंद्रपुरात पारोमिता गोस्वामी यांच्या पुढाकाराने २०१० साली हजारो स्त्रिया चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनापर्यंत पायी चालत गेल्या. १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपूर जिल्ह्यात बंदी आली आणि मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने ती उठविली. ती उठविताना अवैध दारू, गुन्हेगारी आणि बुडालेला महसूल यांची कारणे देण्यात आली. त्या निर्णयाचे गुणदोष हा स्वतंत्र विषय आहे. मला एवढेच दाखवायचे आहे की, ज्या वर्षी मोहफूल मोकळे झाले त्याच वर्षी चंद्रपुरात परवाना असलेली दुकानेही मोकळी झाली. आणि या दोन घटनांना एकच समजण्याची चूक पुष्कळांनी केली.

त्या एक नाहीत. फूल वेचणारे, वाळवणारे, टोळ फोडणारे हात बहुतांशी स्त्रियांचे आहेत. दारूपायी मार खाणारे, उपाशी राहणारे जीवही स्त्रियांचे आहेत. म्हणून मोहफुलाला अन्न म्हणून भाव मिळणे आणि गावात दारू बंद असणे, या दोन्ही मागण्या एकाच स्त्रीच्या आहेत. उलट, फुलाला बाजारात रास्त भाव नसतो तेव्हा ते भट्टीकडे जाते. कारण भट्टी हेच त्याचे एकमेव रोख गिऱ्हाईक उरते. सुक्या फुलाला चांगला भाव देणे आणि त्याचे लाडू, सरबत, पशुखाद्य, टोळीचे तेल यांना बाजार मिळवून देणे, हा दारूबंदीला मदत करणारा कार्यक्रम आहे, तिला छेद देणारा नव्हे.

जो सावध राहण्याजोगा धोका आहे, तो दुसऱ्या बाजूने येतो. शेजारच्या मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला ‘हेरिटेज’ दारू म्हणून मान देण्याचे धोरण आणले. आदिवासींचे पेय प्रतिष्ठित झाले म्हणून आनंद मानण्यापूर्वी विचारले पाहिजे की, परवाना, बाटली आणि दुकान यांच्या साखळीत आदिवासीच्या वाट्याला काय येते? भट्टीची मालकी त्याची की फक्त फुलाची मजुरी त्याची? उरणची भट्टी विसाव्या शतकात बंद झाली. एकविसाव्या शतकात ती नव्या नावाने उघडू नये, याची खबरदारी आपण घेतली पाहिजे. शहरातील हेम्पच्या बाटलीचा धडाही हाच आहे. कायदा मोकळा होतो तेव्हा त्या मोकळ्या जागेत प्रथम शिरतो तो भांडवलवाला. ज्याच्या अंगणात झाड आहे तो बहुधा शेवटी पोचतो.

आपण काय करावे

कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केवळ विवेचन करून थांबणे मला प्रशस्त वाटत नाही. म्हणून चार कामे सुचवितो.

पहिले : प्रत्येक ग्रामसभेने ठरावाच्या वहीत लिहून ठेवावे की, आमच्या हद्दीतील मोहफूल व टोळ यांची मालकी वेचणाऱ्यांची असून साठवणूक आणि वाहतूक यांची नोंद ग्रामसभेची समिती ठेवील. नाक्यावर पोते अडविले तर गयावया न करता ठरावाची प्रत, परवाना आणि २०१२ चे नियम पुढे करावेत. अडविणाऱ्याकडून लेखी कारण मागावे. लेखी कारण मागणाऱ्या माणसाला अधिकारी सहसा पुन्हा अडवीत नाहीत.

दुसरे : गावात किंवा दोन-चार गावे मिळून कोरडे, हवेशीर कोठार उभारावे. ओल लागलेले फूल कुजते आणि मग त्याला भट्टीशिवाय जागा राहत नाही. मोहाखाली पालापाचोळा जाळण्याऐवजी जुनी लुगडी किंवा जाळी अंथरून फूल वेचले तर ते स्वच्छ राहते, वणवा टळतो आणि वनखात्याच्या हाती तक्रारीचे निमित्तही राहत नाही.

तिसरे : टोळीचे तेल गावाबाहेर विकायचे तर अन्न परवान्याची नोंदणी करावी. तेल तपासून घ्यावे, बाटलीवर खरे तेच छापावे. हेम्पच्या व्यापाऱ्यांप्रमाणे सर्व रोग बरे होतात असा दावा करू नये. प्रामाणिकपणा हे गरिबाचे एकमेव भांडवल असते. ते जाहिरातीसाठी उधळणे परवडणारे नाही.

चौथे : हेम्पच्या लागवडीचे आमिष घेऊन येणाऱ्यापासून तरुणांना सावध करावे, आणि आपल्याच तरुणांना गांजाच्या वाहतुकीत ओढून पाच-दहा हजारांसाठी तुरुंगात पाठविणाऱ्या टोळ्यांविरुद्ध गावाने एकजुटीने उभे राहावे. ज्या कायद्यात वजन मोजून आयुष्य मोजले जाते, त्या कायद्याशी अजाणतेपणाने खेळू नये.

मित्रहो, १९३० साली देशाने मिठासाठी सत्याग्रह केला आणि त्याच वर्षी विदर्भात लोकनायक अणे यांनी पुसदजवळ जंगलातील गवत कापून जंगल सत्याग्रह केला. मीठ आणि गवत या क्षुल्लक वस्तू होत्या. पण त्या बाळगण्यासाठी परकीय सरकारची परवानगी का घ्यावी, हा प्रश्न क्षुल्लक नव्हता. मोहाचे फूल हीसुद्धा तशीच वस्तू आहे. कायदा आता बराचसा आपल्या बाजूला आला आहे. पण तो नाक्यावरील शिपायाच्या, आठवडी बाजारातील वजनकाट्याच्या आणि व्यापाऱ्याच्या खातेवहीच्या पातळीपर्यंत अजून पोचलेला नाही. तो तेथपर्यंत नेऊन पोचविणे, हे विधिमंडळाचे काम नव्हे. ते आपले काम आहे. येत्या चैत्रात जेव्हा मोह टपकू लागेल, तेव्हा आपल्या भागातील किती कुटुंबांनी फुले श्रावणापर्यंत स्वतःच्या घरात, निर्भयपणे राखून ठेवली, याचा हिशेब प्रत्येक शाखेने मांडावा. या अभ्यासवर्गाचे यश मी त्या हिशेबावरून मोजीन.